खाटांची खोली

१

अरुणा सिंगापूरला उतरली तेव्हा तिला शहर असं दिसलंच नाही. शेजारच्या बेटांवरची जंगलं पेटली होती आणि त्यांचा धूर समुद्र ओलांडून आला होता. सत्त्याण्णव सालचा सप्टेंबर होता. टॅक्सीच्या काचेतून इमारतींचे खालचे मजले तेवढे दिसत. वरचे राखाडी धुरात विरून गेलेले. बसस्टॉपवर लोक नाकाला मास्क लावून उभे होते आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

तिची धाकटी बहीण विनीता बेडोकला एका ब्लॉकमध्ये बऱ्याच वरच्या मजल्यावर राहायची. नवरा प्रबोध जहाजावर चीफ इंजिनिअर. वर्षातले निम्मे महिने समुद्रावर. त्यांची एकुलती एक मुलगी इरा मार्चमध्ये डेंग्यूनं गेली. सात वर्षांची होती. त्या वेळी प्रबोध घरीच होता आणि विनीतानं अरुणाला येऊ नको म्हणून निक्षून सांगितलं होतं. आता मात्र प्रबोधनंच कुठल्याशा बंदरातून पुण्याला फोन केला होता. विनीता रडत नाही, चिडत नाही, वेळेवर जेवते, म्हणाला. मला तेच बरं वाटत नाही, अरुणाताई. तुम्ही जाऊन बघाल का?

अरुणा पुण्यात मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांना बोलायला शिकवणं हे तिचं काम. त्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. लग्न केलं नव्हतं. मुलाबाळांची हौस शाळेतच भागते, असं ती सांगायची आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं. रजा टाकून ती आली.

विनीता खरंच ठीक दिसत होती. थोडी वाळली होती, एवढंच. सकाळी उठून पोळ्या लाटायची, बाल्कनीतल्या तुळशीवरची राख ओल्या फडक्यानं पुसायची आणि डबा घेऊन बसनं निघायची. पलीकडच्या टेकडीवर एक जुनं कॉन्व्हेंट होतं. तिथल्या नन्स केव्हाच निघून गेल्या होत्या आणि गेल्या वर्षी सरकारनं तिथं कलाकेंद्र केलं होतं. विनीता तिथं स्वयंसेवक होती. दालनात खुर्ची टाकून बसायचं, कुणी मांडलेल्या वस्तूंना हात लावत नाही ना एवढं बघायचं.

"बोलावंसुद्धा लागत नाही, ताई," ती म्हणाली. "नुसतं बसायचं. मला बरं वाटतं तिथं."

दोन-चार दिवसांत अरुणाच्या लक्षात आलं, की संध्याकाळी घरी येणाऱ्या विनीताचा घसा बसलेला असतो. धुरामुळे सगळ्यांचेच घसे धरले होते. पण धुरानं धरलेला घसा वेगळा आणि बोलून बसलेला वेगळा. तिच्या शाळेतल्या प्रत्येक बाईचा आवाज आठवडा संपता संपता असाच व्हायचा. तोच शब्द पुन्हा पुन्हा, सावकाश, मोठ्यानं म्हणून बसलेला.

तिनं विनीताला काही विचारलं नाही. तुझी ती जागा मला दाखव, एवढंच म्हणाली.

२

कॉन्व्हेंट बाहेरून पांढरंशुभ्र रंगवलेलं होतं, आत गेल्यावर मात्र भिंतींना जुना ओलसर वास होता. जिथं प्रार्थना व्हायची त्या उंच दालनात छतापासून निळ्या ट्यूबलाइट्स टांगल्या होत्या, आणि त्याखाली कुणीतरी वाळूचे ढीग घातले होते. जेवणघराचं कॅफे झालं होतं. धुरामुळे माणसंच नव्हती. चालताना आपल्याच चपलांचा आवाज एक क्षण मागे राहून पुन्हा ऐकू येत होता.

जिना चढून गेल्यावर माडीवर मुलींची निजायची खोली होती. पूर्वी इथं आईबाप नसलेल्या मुली राहायच्या, विनीता म्हणाली. स्पेनमधली एक कलाकार आली होती. तिच्या गावाकडेही एका जुन्या मठाचं असंच कलाकेंद्र झालं होतं आणि तिथं तिनं साधूंच्या रिकाम्या खाटा मांडल्या होत्या. इथं अडगळीत मुलींच्या खाटा निघाल्या, त्या तिनं मांडल्या.

लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना लाकडी झडपांच्या खिडक्या, आणि मध्ये दोन रांगांत लहान लहान लोखंडी खाटा. प्रत्येकीवर पांढरी चादर ताणून बसवलेली. उशी नाही, पांघरूण नाही. बाकी काही नाही. झडपांतून येणारा उजेड धुरामुळे पिवळट होता आणि त्यात चादरी चहा सांडल्यासारख्या दिसत होत्या.

अरुणा दारातच थांबली. लहान माप बघून तिला आधी इराच आठवली. मग तिला आवाज ऐकू आला.

झोपलेल्या मुलाचा श्वास. नाक चोंदलं की येतो तसा, आत जाताना किंचित घरघरणारा. अगदी हळू, पण खोलीभर.

तिला ते फार परिणामकारक वाटलं. रिकाम्या खाटा आणि मुलाचा श्वास. कुठंतरी छोटा स्पीकर लपवला असणार. तिनं छताकडे, खाटांखाली बघितलं. काही दिसलं नाही. विनीता आपल्या खुर्चीवर जाऊन बसली होती आणि जवळच्या एका खाटेची चादर हातानं सारखी करत होती. त्या चादरीला एक पुसट खळगा होता.

खाली कॅफेत चहा घेताना काउंटरवरच्या मिसेस लिमना अरुणा आपल्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत म्हणाली, की वरच्या खोलीतला आवाज फार छान जमलाय.

मिसेस लिमनी सुटे पैसे मोजता मोजता मान वर केली.

"साउंड? नो साउंड लाह, आंटी. दॅट वन ओन्ली बेड्स."

एअरकॉनचा आवाज असेल, असंही त्या पुढे म्हणाल्या. मग त्यांनी काउंटर पुसायला घेतला आणि तो स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिल्या.

३

त्या संध्याकाळी अरुणानं स्वतःशी सगळा हिशोब मांडला. जुनी इमारत, लाकडी जमीन, भिंतीतून नेलेले हवेचे पाइप. झडपा मिटलेल्या असल्या की फटींतून हवा ओढली जाते. त्यातून घरघर येऊ शकते. तिच्या शाळेतल्या बहिऱ्या मुलांनासुद्धा कधी कधी आवाज ऐकू येतात. कान रिकामे राहिले की मेंदू स्वतःच काहीतरी ऐकवतो. हे तिनं पालकांना कितीदा समजावलं होतं. आणि ती तर एका मेलेल्या मुलीच्या घरात राहत होती.

इराची खोली विनीतानं जशीच्या तशी ठेवली होती. दप्तर, पोहण्याचा चष्मा, भिंतीवर रंगीत खडूनं काढलेलं जहाज. पण विनीता त्या खोलीत जात नव्हती. दार उघडंच असायचं आणि ती येता-जाता तिथून शेजाऱ्याच्या दारावरून जावं तशी जायची.

जेवताना अरुणानं मुद्दाम इराचा विषय काढला. विनीता शांतपणे बोलली. इरा मराठी समजायची पण बोलायची नाही. शाळेत इंग्रजी, खाली मुलांत सिंग्लिश, ते 'लाह' लावलेलं तिथलं इंग्रजी. काही विचारलं की उत्तर इंग्रजीतच. विनीतानं सुरुवातीला खूप प्रयत्न केले, मग सोडून दिलं. प्रबोधला तर गंमतच वाटायची. तो जहाजावर जाताना इराच्या बडबडीची कॅसेट भरून न्यायचा आणि केबिनमध्ये ऐकायचा.

"काय म्हणायची गं तुला?" अरुणानं विचारलं.

विनीता आठवू लागली. तिला आठवायला वेळ लागला. अरुणाला तेच खटकलं.

"मम्मी," ती शेवटी म्हणाली. "डोन्ट वॉन्ट लाह, मम्मी. असंच काहीतरी."

४

पुढच्या आठवड्यात एका दुपारी अरुणा न सांगता कॉन्व्हेंटमध्ये गेली. धूर इतका दाट होता की टेकडीच्या पायथ्यापासून इमारत दिसली नाही. आत सगळीकडे दिवे लावले होते.

जिन्याच्या मधल्या वळणावर तिला विनीताचा आवाज ऐकू आला.

"पा... णी. पाणी."

मग शांतता. मग पुन्हा, ओठ फाकवून म्हटल्यासारखं, "पा... णी."

ती पद्धत अरुणाची होती. विनीता कॉलेजात असताना सुट्टीत तिच्या वर्गात येऊन बसायची, तेव्हा बघितलेली. शब्द तोडायचा, थांबायचं, मुलाला वेळ द्यायचा. अरुणाला वाटलं, बिचारी इराशी बोलतेय. रिकाम्या खाटेशी बसून जे राहून गेलं ते करतेय.  बहिणीचं असं चोरून ऐकू नये म्हणून ती खाली वळणार होती.

"पानी," कुणीतरी म्हणालं.

अरुणा तिथंच उभी राहिली. लहान मुलीचा आवाज. बारीक, सर्दी झालेला. पण तिला थांबवलं ते आवाजानं नाही, उच्चारानं. ण साधला नव्हता. जीभ टाळूकडे वळवायची हेच ज्या जिभेला माहीत नाही तिचा उच्चार. इरा बोलत नसली तरी तिच्या कानांवर मराठी जन्मापासून होतं. ही ती जीभ नव्हती. आणि विनीतानं स्वतःच आवाज बदलून म्हटलं म्हणावं, तर तेही नव्हतं. मोठ्या माणसाला असं चुकीचं बोलता येत नाही. अरुणानं कितीतरी मुलांचे पहिले शब्द ऐकले होते.

ती उरलेल्या पायऱ्या चढली आणि दाराची चौकट धरून आत डोकावली.

विनीता खुर्चीवर नव्हती. ती जमिनीवर, खाटेला टेकून बसली होती आणि हनुवटी वर करून तिनं गळा पुढे केला होता. आवाज कसा थरथरतो ते कळावं म्हणून मुलांचा हात आपल्या गळ्यावर ठेवून घेतात, तसा. तिच्या गळ्याच्या कातडीला बारीक बारीक खळगे पडले होते. लहान बोटं टेकावीत तसे.

विनीताचे ओठ मिटलेले होते.

"पानी," ती मुलगी पुन्हा म्हणाली. गळ्यावरचा एक खळगा सरकला.

अरुणा जिना कसा उतरली ते तिला कळलं नाही. टेकडीखालच्या बसस्टॉपवर ती बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण तोंडातल्या तोंडात ण म्हणून बघतोय.

५

घरात हे बोलणं तिला नको वाटलं. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, जिथं कढया खणखणत होत्या आणि टीव्ही चालू होता, तिथं तिनं विनीताला समोर बसवलं आणि काय बघितलं ते सांगितलं. तुला भास होतायत, मलाही झाला असेल, आपण डॉक्टरकडे जाऊ, असंही म्हणाली. विनीता ग्लासातला गोड चहा ढवळत ऐकत राहिली. तिला लाज वाटली नाही की रागही आला नाही.

"ती इरा नाही, ताई," ती म्हणाली. "तुला वाटतंय मला ती इरा वाटते. नाही वाटत. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला."

"मग कोण आहे?"

"कसं सांगणार ती? तिला भाषाच नव्हती. नुसती श्वास घ्यायची. कुणी बोललंच नसेल तिच्याशी."

तिनं जे सांगितलं ते असं. एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा त्या खोलीत बसली तेव्हा तिनं श्वास ऐकला. घाबरली नाही, तिला घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं. काही दिवसांनी ती सहज त्या खाटेशी बोलू लागली. आज काय केलं, काय जेवले, असं. श्वास थांबायचा. कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. मग एके दिवशी त्या बाजूनं शब्द आला, अडखळत, अर्धा. आई.

"इरानं मला आई कधीच म्हटलं नाही," विनीता म्हणाली. "म्हणून तर कळलं मला, की ही दुसरी आहे. कुणाची तरी. पण तिनं म्हटलं ना, ताई."

 अरुणाला भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, जे भीतीहून वाईट होतं. एवढी वर्षं ती दुसऱ्यांच्या मुलांना आई म्हणायला शिकवत आली होती. मूल पहिल्यांदा म्हणतं तेव्हा समोर बसलेल्या बाईचा चेहरा कसा होतो, ते तिला माहीत होतं. विनीताचा चेहरा तसा झाला होता.

तिथं जाणं बंद कर, एवढंच ती म्हणाली.

विनीतानं तिच्याकडे जरा आश्चर्यानं बघितलं. "आणि तिनं वाट बघायची?" तिनं विचारलं.

६

प्रबोध ऑक्टोबरच्या सुरुवातीला घरी आला. सुकलेला, सावकाश बोलणारा माणूस. यंत्रांच्या आवाजात राहून त्याला मोठ्यानं बोलायची सवय लागली होती, पण या घरात तो कुजबुजत असे. अरुणानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तो एकटाच कॉन्व्हेंटमध्ये जाऊन आला आणि म्हणाला, पाइपांची रचना चुकीची आहे, हवा परत ओढताना आवाज येतो. कुठल्याही इंजिनिअरला कळेल. किती वेळ होतास तिथं, असं विनीतानं विचारलं, तर तो म्हणाला, थोडाच. तो गेला होता सकाळी आणि परतला होता दिवेलागणीला.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यानं कॅसेट लावली. अरुणाला वाटलं, चुकून लावली. नंतर तिला कळलं की नाही, ठरवून लावली होती. घरघर झाली, मागे पंखा फिरल्यासारखा आवाज आला आणि मग एक मुलगी खणखणीत बोलू लागली. पप्पा, युवर शिप हाउ बिग? टीचर शो अस व्हेल. व्हेल इज बिगर लाह. मम्मी पुशिंग मी, मम्मी, डोन्ट वॉन्ट. मग हसणं. खूप वेळ नुसतं हसणं.

प्रबोध मान खाली घालून रडत होता. आवाज न करता, खांदे हलवत. अरुणाच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

विनीता टेबल पुसत होती. ती थांबली, टेपरेकॉर्डरकडे बघितलं आणि पाहुण्यांच्या घरी विचारावं तसं विचारलं, "कुणाची मुलगी आहे ही? गोड बोलते."

 कॅसेट चालू होती. त्यात आता विनीताचाच आवाज आला, अगं पुरे कर, पप्पांना काम आहे. स्वतःचा आवाज तिनं ओळखला. तिनं आधी टेपकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग बहिणीकडे. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"ही इरा आहे का?" तिनं विचारलं.

प्रबोधनं होकारार्थी मान हलवली.

ती हळूहळू खाली बसली. कॅसेट संपेपर्यंत ऐकली, मग पुन्हा लावायला सांगितली, मग पुन्हा. अंधार पडेपर्यंत ती ऐकत होती आणि एकेक शब्द लक्षात ठेवायचा प्रयत्न करत होती, जसं परीक्षेचं पाठ करावं. अरुणा बघत होती. काहीच आत जात नव्हतं. जिथं तो आवाज असायला हवा होता तिथं दुसरा आवाज बसला होता, बारीक, सर्दी झालेला.

शेवटी तिनं टेप बंद केली.

"माझी मुलगी चाललीय, ताई," ती म्हणाली. "पुन्हा एकदा चाललीय. मला इथून घेऊन चला."

७

प्रबोधनं कंपनीला कळवलं आणि फ्लॅटचं जे काय करायचं ते मित्रावर सोपवलं. तिघांनी पुण्याला जायचं ठरलं. त्या दिवसांत विनीता कॉन्व्हेंटमध्ये गेली नाही. तिला झोप लागत नसे. इराच्या खोलीत बसून ती दप्तरातली एकेक वस्तू हातात घ्यायची. घसा तिचा बरा होत गेला.

निघायच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, की एकदा जाऊन यायला हवं. न सांगता नाही जाता येणार.  एअरपोर्टच्या टॅक्सीत सामान भरल्यावर प्रबोधनं ड्रायव्हरला आधी टेकडीचा पत्ता सांगितला.

पाऊस येऊन गेला होता. धूर निवळला होता आणि कॉन्व्हेंट पहिल्यांदाच नीट दिसत होतं, साधं, बसकं, एखाद्या शाळेसारखं. प्रबोध टॅक्सीतच थांबला. दोघी आत गेल्या. मिसेस लिम काउंटरवर होत्या. वरचं प्रदर्शन संपलंय, त्या म्हणाल्या, खाटा आज उचलणार. 

जिन्याच्या पायथ्याशी विनीता थांबली. कठड्यावर हात ठेवला आणि पुढचं पाऊल तिला टाकता येईना.

"ताई, तू जा," ती म्हणाली. "मी गेले तर ती माझ्यामागून येईल. किंवा मीच राहीन."

"काय सांगू तिला?"

"झोप म्हणावं." विनीता म्हणाली. "समजतं तिला. सगळं समजतं आता."

अरुणा चढून गेली. ती स्वतःला सांगत होती, की आपण बहिणीच्या समाधानासाठी जातोय. रिकाम्या खोलीत एक मिनिट उभं राहायचं आणि परत यायचं.

खाटा सुट्या करून भिंतीला उभ्या केल्या होत्या. चादरींचा गठ्ठा दाराशी बांधून ठेवला होता. झडपा सताड उघड्या होत्या आणि खोलीत लख्ख ऊन आलं होतं. लाकडी जमिनीवर खाटांच्या पायांच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. श्वास ऐकू येत नव्हता. अरुणा कान देऊन उभी राहिली. खरंच काही नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की ती मोठ्यानं म्हणाली, "झोप हं बाळा."

तिच्या साडीच्या निऱ्या ओढल्या गेल्या.

तिनं खाली बघितलं. गुडघ्याच्या जरा वर निऱ्या एका जागी गोळा झाल्या होत्या, मुठीत धरल्यासारख्या. मुठीच्या जागी काही दिसत नव्हतं. नुसतं ऊन होतं आणि गोळा झालेलं कापड.

"मावशी," तिथून आवाज आला. "आई कुठाय?"

उच्चार स्वच्छ होते. मावशी हा शब्द विनीतानं केव्हा शिकवला असेल? ताई आलीय हे हिला केव्हा सांगितलं असेल?  अरुणाचा हात आपोआप पुढे झाला, समोर उभ्या मुलाच्या डोक्यावर ठेवायला होतो तसा, आणि तो टेकला. डोकं गरम होतं. केस अगदी मुळापासून कापलेले, खरखरीत. तिच्या हाताखाली ते डोकं किंचित वर झालं. चेहरा वर करून बघावं तसं.

"आई येणार नाही," अरुणा म्हणाली. वर्गात जो लावायची तोच आवाज तिनं लावला, सावकाश, ओठ नीट हलवत, म्हणजे गैरसमज व्हायला नको. "आई तिच्या घरी चाललीय. तिची एक मुलगी आहे. तू इथं झोप."

 मग मूठ आणखी घट्ट झाली.

"मी पण येते," ती मुलगी म्हणाली. आणि मग, जे जे शब्द येत होते ते सगळे घाईघाईनं एकामागून एक म्हणू लागली. पाणी. भात. फूल. हात. डोळा. चांदोबा. एकही चुकत नव्हता. ण, ळ, सगळं येत होतं. बघा, मला येतं, असं ती दाखवत होती.

अरुणा खाली वाकली. मुठीवरून तिनं हात फिरवला, तिला करंगळी सापडली. ती तिनं सोडवली. मग तिच्या शेजारचं बोट. लहान मुलाच्या मुठीत किती जोर असतो ते तिला माहीत होतं. दुखू नये असं तिनं जपून केलं. एकेक बोट सोडवत गेली, आणि शब्द चालू होते. अंगठा सुटला तेव्हा ते थांबले.

ती वळली आणि दाराबाहेर आली. जिना उतरताना तिनं कठडा सोडला नाही.

विनीता होती तिथंच उभी होती.

"झोपली?" तिनं विचारलं.

"हो," अरुणा म्हणाली. "झोपली."

विनीतानं तिचा हात धरला. दोघी दालन ओलांडून, निळ्या ट्यूबलाइट्सखालून, अंगणात आल्या. टॅक्सी फाटकाशी उभी होती. प्रबोध काच खाली करून त्यांची वाट बघत होता. त्या बसल्या, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि तेव्हाच माडीवरच्या उघड्या खिडक्यांतून तो आवाज आला. मोठा नव्हता. कुणी रडायला लागावं आणि कुणीच येत नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, तसा.

विनीता समोर बघत होती. अरुणाही समोर बघत होती. दोघींचे हात एकमेकींत घट्ट होते.

पाइपांचा आवाज, असं प्रबोध म्हणाला नाही. त्यानं वर बघितलं नाही. तो काच वर करू लागला, जुन्या गाडीचा दांडा फिरवत, आणि ती पूर्ण बंद झाल्यावरही त्याचा हात दांड्यावरून निघाला नाही.